डायमंड ब्लेडची बँड सॉ आणि घरचं कोरल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. घरात अकरा वर्षांपासून रीफ टाकी, म्हणजे जिवंत कोरलची (प्रवाळांची) खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि पाच वर्षांपासून ड्राय बाल्कनीत एक छोटी बँड सॉ. कोरल कापून त्याचे छोटे तुकडे (फ्रॅग) वेगळे वाढवायला ती लागते. कळवा, ऐरोली, खारघरहून, आणि दुबई-सिडनीला गेलेल्या आपल्या मंडळींकडूनही तेच तेच प्रश्न येत राहतात, म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. हवा तो प्रश्न काढून वाचा, पण ४ आणि ६ वाचल्याशिवाय मशीनचं बटण दाबू नका.

१. बँड सॉ म्हणजे सुताराकडे असते तीच पट्टा करवत ना?

ठेवण तीच, काम वेगळं. दोन-तीन चाकांवरून पोलादाची बंद पट्टी फिरते आणि टेबलाच्या फटीतून खाली जाते. सुताराच्या पट्टीला दात असतात. आपल्या पट्टीला दात नसतात, तिच्या कडेवर हिऱ्याची बारीक कणी बसवलेली असते. म्हणजे ही करवत ओरबाडत नाही, घासत जाते. खाली पाण्याचा ट्रे असतो आणि पट्टी ओली राहूनच फिरते. पाण्यामुळे उष्णता होत नाही आणि दगडाची पूड हवेत उडत नाही. मूळची ही यंत्रं काच आणि दगड कापणाऱ्या कारागिरांची. ग्रिफन या अमेरिकी कंपनीने ॲक्वासॉ नावाने कोरलसाठीच मशीन काढलं, म्हणून आपल्या छंदात तेच नाव जास्त ऐकू येतं.

सुताराच्या करवतीवर कोरल ठेवू नका. दात सांगाड्यात अडकतात आणि तुकडा हातातून उडतो.

२. हिऱ्याचं ब्लेड बोट कापत नाही म्हणतात. मग ग्लोव्हज कशाला?

चालू ब्लेडला बोट हलकेच लागलं तर बहुतेकदा लगेच कापत नाही, कारण मऊ कातडी दबते आणि कणी कडक वस्तूवर चालते. पण नख कडक असतं. दाब दिला तर कातडीही सोलते, आणि त्या जखमेत कोरलचा चिकट स्राव जातो. हाताला घट्ट बसणारे नायट्राइलचे ग्लोव्हज वापरा. सुती, सैल किंवा लोकरी ग्लोव्हज नकोत, ते पट्टीत ओढले जातात. ओढणी, लांब बाह्या, हातातला धागा, सगळं आधी बाजूला. डोळ्यांना बाजूने बंद असलेला गॉगल हवाच. साधा चष्मा पुरत नाही.

३. माझ्याकडे बोन कटर आहे, ड्रेमेलही आहे. वर करवत कशाला? आणि मार्बल कटरने नाही का भागणार?

फांद्यांच्या कोरलला बोन कटर, म्हणजे हाडं तोडायची पक्कड, उत्तम. फांदी कट्कन तुटते, काम संपतं. पण घुमटासारखं किंवा थाळीसारखं कोरल बोन कटरने कापायला गेलात, तर सांगाडा जिथे कमकुवत असेल तिथून फुटतो, आपल्याला हवा तिथून फुटत नाही. कित्येकदा ती चीर पॉलिपच्या, म्हणजे कोरलमधल्या एकेका छोट्या जिवाच्या, तोंडातूनच जाते.

ड्रेमेलला, म्हणजे हातात धरायच्या छोट्या ग्राइंडरला, डायमंडची चकती लावून काम होतं, पण चकती जेमतेम सेंटिमीटरभर आत जाते, मग उलटून दुसऱ्या बाजूने कापावं लागतं. शिंतोडे थेट तोंडावर येतात. हातात विजेचं यंत्र आणि समोर खारं पाणी, हे मला पटत नाही.

मार्बल कटर अजिबात नको. त्याचा वेग प्रचंड आहे आणि तो एका हातात धरून दुसऱ्या हातातला लहान तुकडा कापायचा प्रयत्न करणाऱ्याला मी थांबवेन.

वर्षातून दोनदा चार तुकडे करणाऱ्याने करवत घेऊ नये. झोआचे (दगडावर चटईसारखे पसरणारे छोटे पॉलिप) मोठे दगड असतील, सरळ आणि पातळ काप हवा असेल, तरच तिचं मोल आहे. काप साधारण मिलिमीटरभर जाडीचाच पडतो, त्यामुळे मांसल भाग वाया जात नाही.

४. भारतात कोरल कापणं आणि विकणं कायदेशीर आहे का?

या प्रश्नावर लोक गप्प बसतात, म्हणून सविस्तर सांगतो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांची भर पडली. त्यात सगळी कडक सांगाड्याची प्रवाळं म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि सगळे सी फॅन म्हणजे गोर्गोनियन येतात. पहिली अनुसूची म्हणजे वाघ जिथे आहे ती यादी. या यादीतल्या जिवाच्या व्यापाराला ३ ते ७ वर्षांच्या तुरुंगवासाची तरतूद आहे. आपण ज्यांना एसपीएस (लहान पॉलिपची) आणि एलपीएस (मोठ्या पॉलिपची) म्हणतो, ती ॲक्रोपोरा, फॅव्हिया, टॉर्च, हॅमर, अकान ही सगळी स्क्लेरॅक्टिनियाच. ‘माझ्या टाकीतच वाढलंय’ म्हटल्याने ते यादीतून बाहेर येत नाही. शिवाय कडक प्रवाळं साइट्स या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराच्या दुसऱ्या परिशिष्टातही आहेत.

हे किती गांभीर्याने घेतलं जातं ते पाहायचं असेल तर मुंबईचाच कोस्टल रोड घ्या. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ सापडलं, तेव्हा महापालिकेला वन खात्याची परवानगी घ्यावी लागली आणि २०२० साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने १८ वसाहती दुसरीकडे हलवाव्या लागल्या. वसाहती तरी केवढ्या, तर काही तळहातात मावतील एवढ्या.

म्हणून माझा नियम साधा आहे. भारतात कडक कोरल माझ्या करवतीवर येत नाही, ओळखीच्याचं असो की नसो. किनाऱ्यावर सापडलेला मेलेला तुकडासुद्धा नाही. प्रश्न ११ त्या वाचकांसाठी आहे जे अशा देशांत राहतात जिथे टाकीत वाढवलेलं कोरल कापणं तिथल्या कायद्यात बसतं.

५. मग ठाण्यात बसून तुम्ही करवतीवर कापता तरी काय?

मुख्यतः दगड. झोआ आणि मश्रूम कोरल दगडाला पसरून चिकटलेले असतात आणि तो दगड नेमका, सरळ कापणं हेच अवघड काम आहे. या दोघांची नावं प्रश्न ४ मधल्या यादीत नाहीत. सार्कोफायटन, सिन्युलेरिया ही मऊ, चामड्यासारखी ‘लेदर’ कोरलंही त्या यादीत नाहीत, पण त्यांना करवत लागत नाही (प्रश्न १२). यादीत नाही म्हणजे समुद्रातून उपटून आणा असा अर्थ कुणी काढू नये. परदेशातून आणायलाही परवानग्या लागतात. दुकानदाराकडे बिल आणि कागद मागा. तो टाळाटाळ करू लागला तर दुसरं दुकान बघा.

एक अवघड अपवाद आहे. जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप), म्हणजे हिरवे तारे असलेली ती जांभळी चटई. तिचं शास्त्रीय नाव ब्रायरियम आणि जुन्या वर्गीकरणात ते गोर्गोनियनमध्येच मोडायचं. यादीत ‘सगळे गोर्गोनियन’ असं लिहिलेलं असताना मी तिच्यावरून हात काढून घेतला. नव्या लोकांना जीएसपीचे तुकडे वाटून देणं हा आपल्याकडचा जुना रिवाज, त्यामुळे माझं हे म्हणणं अनेकांना आवडत नाही. तरी मी त्यावर ठाम आहे.

६. झोआ कापताना विष उडतं हे खरं की अफवा?

खरं. पॅलिथोआ (झोआंचेच भाईबंद) आणि काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन हे विष असतं. १९७१ साली हवाईतल्या एका पॅलिथोआतून ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं. निसर्गातल्या सगळ्यात जहाल विषांपैकी ते एक, आणि त्यावर उतारा नाही. उकळून ते जात नाही, उलट उकळलेल्या दगडाची वाफ हुंगून घरंच्या घरं आजारी पडल्याची उदाहरणं जगभर आहेत. डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते. नुसतं बघून कोणत्या झोआत किती विष आहे ते ओळखता येत नाही.

पहिल्या वर्षी मी गॉगल लावला, मास्क लावला नाही. तपकिरी पॅलिथोआचा मुठीएवढा दगड मधोमध कापला. अर्ध्या तासात तोंडाला तांब्याचं नाणं चोखल्यासारखी चव आली. रात्री हुडहुडी भरून ताप, मांड्या अशा दुखत होत्या की जिना उतरवेना. दवाखान्यात मी फक्त ‘दगड कापत होतो’ एवढंच सांगितलं, त्यामुळे डॉक्टरांना काही अंदाजच येईना. दोन दिवसांनी उतार पडला. त्या दिवसापासून ‘पॅलिटॉक्सिन’ हा शब्द कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवला आहे. घरच्यांना सांगून ठेवलंय की मला त्रास झाला तर तो कागद सोबत न्यायचा. तुम्हीही लावा.

नियम असे. एन-९५ मास्क, गॉगल, ग्लोव्हज, तिन्ही. पॉलिपमधून ब्लेड न्यायचं नाही, दगडावर दोन पॉलिपमधली मोकळी वाट शोधायची. वाट नसेल तर खालून दगडाची पातळ चकती काढायची किंवा हातातल्या सर्जिकल ब्लेडने झोआंची चटई सोलायची. खिडकी उघडी. घरात लहान मूल, दमेकरी किंवा कुत्रा-मांजर असेल तर त्यांना दुसऱ्या खोलीत, दार लावून. जेवणाच्या ओट्यावर आणि स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये यातलं काहीही करायचं नाही. चव बदलली, श्वास लागला, डोळा झोंबला, तर काम तिथेच थांबवून डॉक्टरकडे जा.

७. भाऊ अमेरिकेहून मशीन आणतोय. आपल्या विजेवर चालेल?

तिकडचं मशीन ११० ते १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. थेट लावलंत तर मोटर जळेल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या, मोटरच्या वॅटपेक्षा बऱ्यापैकी मोठा. लोहार चाळीत हवा तसा मिळतो. पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट बदलतो. तिकडे ६० हर्ट्झ, इथे ५०, त्यामुळे इंडक्शन मोटर साधारण एक षष्ठांश हळू फिरते आणि थोडी जास्त तापते. दहा मिनिटं चालवा, थोडी विश्रांती द्या. शक्य असेल तर मुळातच २२० व्होल्टचं मॉडेल मागवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग आणि ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच. खारं पाणी विजेचं फार चांगलं वाहक आहे. इलेक्ट्रिशियनकडून दोन्ही तपासून घ्या, वायरला प्लगच्या खाली झोळ पडू द्या म्हणजे थेंब सॉकेटकडे जाणार नाहीत, आणि पायात कोरडी रबरी चप्पल हवी.

८. ट्रेमध्ये कोणतं पाणी? नळाचं चालतं का? आमच्या घरासमोरच वाशीची खाडी आहे.

टाकीतून पाणी बदलताना काढलेलं खारं पाणीच ट्रेमध्ये भरा. कोरलला तीच क्षारता, तेच तापमान मिळतं. गोड्या पाण्याने कापलेल्या कडेच्या पेशी फुटतात. नळाच्या पाण्यात वर क्लोरिनही आहे, मग ते मोरबे धरणाचं असो की बारवीचं.

खाडीचं पाणी नको. ठाण्याच्या खाडीत नाल्यांचं आणि कारखान्यांचं पाणी येतं, पावसाळ्यात क्षारता कोसळते. रोहित पक्ष्यांना तो चिखल मानवतो, रीफ टाकीला मानवत नाही.

कापून झाल्यावर ट्रेमधलं पाणी टाकीत परत जाता कामा नये. त्याचं काय करायचं ते प्रश्न १७ मध्ये.

९. कापण्याआधी किती दिवस तयारी?

मी पंधरा दिवस धरतो. करवतीचं काम दहा मिनिटांचं असतं, कोरल वाचतं की जातं ते बहुतेक या पंधरा दिवसांत आणि नंतरच्या पंधरा दिवसांत ठरतं. क्षारता (विशिष्ट गुरुत्वात) १.०२५, तापमान २५-२६ अंश, अल्कलिनिटी ८-९ डीकेएच (ती मोजायचं एकक), आणि हे आकडे रोज हलत नाहीत याची खात्री. नवीन आणलेलं, अर्धवट उघडणारं, रंग उतरलेलं कोरल कापू नका. एप्रिल-मेमध्ये चिलर धापा टाकत असताना तर मी करवत झाकूनच ठेवतो. कापायच्या आदल्या दिवशी खायला घालत नाही, नाहीतर कापताना ते सगळं बाहेर टाकतं.

शिकायला जिवंत काही घेऊ नका. मंगलोरी कौलाचा तुकडा किंवा मासळी बाजारातून आणलेली कालवाची जाड शिंपली घ्या. शिंपलीही कॅल्शियम कार्बोनेटचीच, त्यामुळे हाताला दाबाचा बरोबर अंदाज येतो. माझ्या पहिल्या वीस कापांपैकी एकही सरळ नव्हता आणि ते सगळे कौलावर होते.

१०. प्रत्यक्ष कापायचं कसं?

दगड बादलीतल्या टाकीच्याच पाण्यात हलवा, म्हणजे पॉलिप मिटतात. मिटलेले पॉलिप दिसायला लहान आणि कापायला सुरक्षित. मग खालची बाजू बघा. दगड टेबलावर डगडगत असेल तर आधी तळ सपाट कापून घ्या, हा पहिला काप कुणी करत नाही आणि मग सगळे वाकडे पडतात. पेन्सिलने दगडावर रेघ मारा.

मशीन सुरू करा, पट्टी पूर्ण ओली होऊ द्या, मग दगड पुढे सरकवा. ढकलू नका. पाट्यावर वरवंटा फिरतो तसा एकसारखा घर्रघर्र आवाज येत राहिला पाहिजे. आवाज खाली बसला की समजा दाब जास्त झालाय. दाबाने पट्टी मागे वाकते, चाकावरून उतरते आणि कणी झडते. कापातून पांढरट, पेजेसारखं पाणी वाहतं. ते मधूनमधून पिपेटने धुवा, कारण ती पूड पॉलिपवर बसली तर नंतर तिथेच कुजायला सुरुवात होते. वळणाचा काप घेऊ नका. वळायचं असेल तर दोन सरळ काप घ्या.

शेवटचा अर्धा सेंटिमीटर सगळ्यात हळू. तुकडा सुटताना हात नकळत पुढे जातो. मी शेवटी दोन्ही अंगठे टेबलाच्या कडेला टेकवून ठेवतो.

पाण्याबाहेर एका तुकड्याला तीन-चार मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर मध्ये बादलीत बुडवून घ्या.

११. आम्ही सिडनीत असतो, इथे फ्रॅग रीतसर विकतात. अकान, फॅव्हिया, टॉर्च कुठून कापायचे?

तिथले नियम आधी पाहा, मग हे वाचा. घुमटाच्या आणि पसरणाऱ्या कोरलमध्ये प्रत्येक पॉलिपचं तोंड शोधा आणि दोन तोंडांच्या मधल्या भिंतीवरून ब्लेड न्या. एका तोंडाचा तुकडाही जगतो, पण तीन-चार तोंडांचा तुकडा लवकर सावरतो. फांद्यांच्या टॉर्च-हॅमरमध्ये जिवंत मांस संपतं तिथून किमान दोन-तीन सेंटिमीटर खाली, नुसत्या सांगाड्यावर काप घ्या. चॅलिससारखी पातळ थाळी हे या करवतीचं सगळ्यात आवडतं काम, तिथे दुसरं हत्यार घेऊच नये.

१२. करवतीवर काय ठेवूच नये?

स्कॉलिमिया, सायनारिना यांसारखी एकाच तोंडाची कोरलं. बबल कोरल, कारण फुगे फाटले की आतून कुजत जातं. भिंतीसारखा सलग हॅमर, तिथे कोणताही काप मांसातूनच जातो. मऊ लेदर पट्टीला गुंडाळतं, त्याला नवीन सर्जिकल ब्लेड किंवा कात्री पुरे. मश्रूमचं मांसही करवतीवर नको, फक्त त्याच्या खालचा दगड.

१३. कापल्यावर डिप कोणता, चिकटवायचं कशाने?

कापलेली कड पिपेटने धुवा, मग आयोडिनचा रीफ डिप (तुकडा बुडवायचं औषध), बाटलीवर लिहिलंय तेवढाच आणि तेवढाच वेळ. बीटाडीन स्क्रब वापरू नका, त्यात साबण असतो. चिकटवायला सायनोॲक्रिलेटचा जेल प्रकार. पातळ फेविक्विक वाहून जातं, जेल टिकतं. प्लग (तुकडा बसवायची छोटी बैठक) आणि दगडाचा तळ टिपून घ्या, जेल लावा, दाबून धरा, मग पाण्यात. मश्रूमचा मांसल तुकडा जेलने धरत नाही. वाटीत दगडाचा चुरा घ्या, वर तुकडा ठेवा आणि मच्छरदाणीच्या कापडाने तोंड बांधा. आठ-दहा दिवसांत तो स्वतःच दगड धरतो.

१४. कड पांढरी दिसते आणि एका ठिकाणी तपकिरी जेली आलीय. फेकून देऊ?

पांढरी कड म्हणजे उघडा सांगाडा, पहिले एक-दोन आठवडे ती दिसणारच. मांस हळूहळू त्यावरून खाली उतरतं. मध्यम प्रवाह, कमी उजेड आणि हात लावायचा नाही.

तपकिरी जेली म्हणजे संसर्ग, ती मात्र त्याच क्षणी बाहेर काढा. टाकीत असतानाच बारीक नळीने ती ओढून घ्या, उडू देऊ नका, शेजारच्याला लागते. मग तुकडा बाहेर काढून मेलेला भाग कापा, डिप करा आणि वेगळ्या टाकीत ठेवा.

१५. एकाच दिवशी चार जातींची कोरलं कापली तर?

दर जातीनंतर ट्रेमधलं पाणी बदला आणि पट्टी पुसा. कोरल आपसात रसायनांनी लढतात, एकाचा स्राव दुसऱ्याच्या ताज्या जखमेत नको. झोआ नेहमी शेवटी. त्या आठवड्यात टाकीत ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन लावा.

१६. महिन्याभरात मशीन गंजली आणि ब्लेड आता कापतच नाही.

खारं पाणी ट्रेमध्ये रात्रभर राहिलं असणार. काम झाल्यावर ट्रे रिकामा करा, आरओचं पाणी भरून दोन मिनिटं चालवा, मग पट्टी सैल करून पुसा आणि बेअरिंगला तेलाचा थेंब द्या. पट्टी बहुतेकदा जोडाच्या ठिकाणीच तुटते, तिथे गंज दिसला की बदला. कापत नसेल तर आधी धार लावायच्या पांढऱ्या दगडावर दोन-तीन काप घ्या. कणीत अडकलेली पूड निघते आणि ब्लेड पुन्हा चालतं. तरीही नाही चाललं, तर कणी संपली.

१७. उरलेला चिखल आणि नको असलेले तुकडे कुठे टाकू? तलावात सोडले तर जगतील का?

उपवन, मासुंदा ही गोड्या पाण्याची तळी आहेत, तिथे ते मरतील. खाडीत सोडणं तर त्याहून वाईट, परक्या जिवाबरोबर परके रोगही जातात. झोआ कापलेलं पाणी आणि ग्लोव्हज ब्लीचच्या पाण्यात किमान अर्धा तास ठेवा, मग पाणी संडासात आणि घन कचरा पिशवीत बांधून द्या. ट्रे आणि टेबलही त्यानेच पुसा, पुन्हा वापरण्याआधी भरपूर धुवा. ब्लीचमध्ये हार्पिक किंवा कोणतंही ॲसिड मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

१८. सोसायटीत आवाजावरून भांडण होईल का? आणि मध्येच लाइट गेली तर?

आवाज मिक्सरपेक्षा कमी, पण कंप खालच्या मजल्यावर जातो. खाली जाड रबरी चटई टाका आणि दुपारची झोपेची वेळ टाळा. लाइट गेली तर तुकडा ब्लेडमधून उपसू नका. आधी बटण बंद करा, मग दगड आला त्याच वाटेने सरळ मागे घ्या. महावितरणचा देखभालीचा मेसेज आलेला असेल त्या दिवशी कापायला बसूच नका, कारण ताज्या तुकड्यांना रात्रभर प्रवाह लागतो. बॅटरीवरचा एअर पंप तरी जवळ हवा.

१९. दादा, तुमची करवत दोन दिवस देता का?

करवत देत नाही, प्रश्न ६ वाचल्यावर कारण कळेल. रविवारी सकाळी दगड घेऊन या. आधी दगडाचे चारही बाजूंनी फोटो पाठवा, पॉलिप उघडे असताना आणि मिटलेले असताना. येताना तुमच्याच टाकीचं दहा लिटर पाणी, स्वतःचा गॉगल आणि न उघडलेला एन-९५ आणा. पहिले पाच काप तुम्ही कौलावर घ्याल, सहावा दगडावर, आणि तोही तुमच्याच हाताने.